लिलावातलं ब्राँझचं शिंगरू : घ्यावं की नुसतं बघावं? (रेने सिंटेनिस)

ऱ्हाइनकाठ

नमस्कार मंडळी,

इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, एका लिलावगृहाची यादी चाळत होतो. आधुनिक कलेच्या विभागात एका लॉटवर (लिलावातली एक वस्तू म्हणजे एक लॉट) अडकलो. रेने सिंटेनिस, उभं शिंगरू, ब्राँझ, तपकिरी पॅटिना (ब्राँझवर चढवलेला रंग), मोनोग्राम 'आर एस', ओतशाळेचा शिक्का 'एच. नोआक, बर्लिन'. अंदाजित किंमत ६,००० ते ८,००० युरो. तळहातावर मावेल एवढा जीव, पाय फाकलेले, मान अर्धवट वळवलेली. कुणीतरी हाक मारली म्हणून दचकलंय असं.

सिंटेनिस हे नाव अनोळखी वाटलं तरी तिचं एक काम बहुतेकांनी फोटोत पाहिलं असेल. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात विजेते जे अस्वल उंचावून दाखवतात ते तिचं. अस्वल केलं १९३२ च्या सुमारास, महोत्सव सुरू झाला १९५१ ला, आणि तेव्हापासून बक्षीस तेच.

बाई भन्नाट होती. जन्म १८८८, ग्लात्स गावचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. बर्लिनमध्ये शिल्पकला शिकत होती, वडलांनी मध्येच शिक्षण थांबवून स्वतःच्या हाताखाली सेक्रेटरी म्हणून बसवायचं ठरवलं, तर हिने घराशीच संबंध तोडले. पोटासाठी गेओर्ग कोल्बे या शिल्पकारापुढे मॉडेल म्हणून उभी राहिली. उंची सहा फुटांच्या घरात, केस बारीक कापलेले, १९२० च्या दशकातल्या बर्लिनची मासिकं हिचे फोटो छापायची. आणि एवढी उंच बाई करायची काय, तर शिंगरं, करडं, कुत्री, गाढवं. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये (तेव्हा कलेलाही पदकं असायची) तिच्या फुटबॉलपटूला कांस्यपदक मिळालं. १९३१ ला प्रशियन कला अकादमीवर निवड, स्त्री शिल्पकारांत पहिलीच. १९३४ ला नाझी राजवटीत तिथून हकालपट्टी, कारण आजी ज्यू.

मी यापूर्वी लिलावात काहीही घेतलेलं नाही. शिक्का खरा म्हणजे शिल्प खरं का? एकाच शिल्पाच्या इतक्या प्रती असतात तर 'ओरिजिनल' कशाला म्हणायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खडूस_काका

सहा हजार युरो म्हणजे सहा लाख रुपये झाले. एवढ्यात सारंगखेड्याच्या यात्रेत हाडामांसाचं शिंगरू येईल, आणि ते मोठंही होईल. हलकेच घ्या.

---

मोगरा

काका, ते लीदही टाकेल :)

धागा आवडला. जाता जाता, शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ला १९५८ साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं होतं. म्हणजे या बाईंचं अस्वल मराठी माणसाच्या हातात पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीच येऊन गेलंय.

---

ओतारी

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. आमचं काम पंपाच्या बॉड्या आणि व्हॉल्व्हचं, पण पुतळ्यांचं ओतकाम लहानपणापासून जवळून बघितलंय, त्यामुळं सांगतो.

शिल्पकार मातीत किंवा मेणात काम करतो. त्याचं प्लास्टर घेतात. प्लास्टरवरून साचा, साच्यातून मेणाची पोकळ प्रत. त्या मेणाला नळ्या जोडायच्या, काही धातू आत जायला, काही हवा बाहेर पडायला. वरून लेप, मग भट्टीत मेण वितळवून काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू. गार झाल्यावर लेप फोडायचा, नळ्या कापायच्या, जिथं कापलं तिथं घासून मूळच्या पृष्ठभागाशी मिळवून घ्यायचं, शेवटी रसायन आणि ज्योत वापरून रंग. प्रत्येक प्रतीला मेण नवं, घासकाम नवं, रंग नवा. त्यामुळं एकाच साच्यातल्या दोन प्रती कधीच हुबेहूब नसतात. शिल्पकार शेजारी उभा राहून मेणावर हात फिरवत असेल तर प्रत वेगळी, तो नसताना कारागिरानं उरकली असेल तर वेगळी.

आता लबाडी कुठं होते ते सांगतो. मूळ प्लास्टर हाताशी नसलं की लोक तयार ब्राँझवरूनच साचा घेतात. ब्राँझ गार होताना दीड ते दोन टक्के आकसतं. म्हणजे १५० मिमीचा तुकडा दोन-तीन मिमीनं बुटका निघतो. फोटोत हे कुणाला दिसणार नाही, कॅलिपरनं (जाडी-उंची मोजायच्या चिमट्यानं) मोजलं की दिसतं. बारकावेही बोथट होतात. शिंगराच्या नाकपुड्या, खुरांच्या कडा, बोटांचे ठसे असले तर ते, आधी तिथं बघा.

नोआकचं नाव आमच्या लाइनीत सगळे जाणतात. १८९७ पासूनची बर्लिनची ओतशाळा, चौथी पिढी चालवतेय. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची कितीतरी कामं तिथं ओतली गेली. पण शिक्का हा ओतशाळेचा असतो, शिल्पकाराचा नव्हे. कधी ओतलं, ते शिक्का एकटा सांगत नाही.

---

ऱ्हाइनकाठ

ओतारी, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली. कॅलिपर ॲमेझॉनवरून मागवतोय.

---

जुनापुराणा

वरच्या प्रतिसादात एक भर. सिंटेनिसच्या सगळ्या शिल्पांची समग्र सूची २०१३ ला निघाली आहे. लॉटच्या वर्णनात 'बेर्गर/लाडविग' असं लिहून पुढे आकडा असेल, तो त्या सूचीतला क्रमांक. आकडा नसेल तर लिलावगृहाला ईमेल टाकून विचारा. उंचीही त्यात मिळते, म्हणजे ओतारींच्या कॅलिपरला काम.

शिक्क्याबद्दल: नोआकची जुनी ओतशाळा बर्लिनच्या फ्रीडेनाउ भागात होती, आणि युद्धाआधीच्या बऱ्याच प्रतींवर शिक्क्यात 'फ्रीडेनाउ' हाही शब्द सापडतो. नुसतं 'नोआक, बर्लिन' असेल तर प्रत बहुधा नंतरची. 'बहुधा' या शब्दावर जोर द्या. तिच्या छोट्या प्राण्यांवर प्रतीचा क्रमांक सहसा घातलेला नसतो, त्यामुळे दहावी प्रत की तिसावी हे कळायला मार्ग नाही.

आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. १९३३ ते १९४५ या काळात हे शिंगरू कुणाच्या घरात होतं?

सिंटेनिसची शिल्पं विकायचा आल्फ्रेड फ्लेश्टहाइम. त्या काळातला जर्मनीतला मोठा कलाविक्रेता, ज्यू. १९३३ ला त्याला देश सोडावा लागला, १९३७ ला लंडनमध्ये वारला. बायको बेट्टी बर्लिनमध्येच राहिली, १९४१ ला हद्दपारीची पाळी आली तेव्हा तिने आत्महत्या केली. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बर्लिन-ड्युसेलडॉर्फचे डॉक्टर, वकील, बँकवाले, त्यात ज्यू कुटुंबं भरपूर. त्यांच्या दिवाणखान्यातल्या वस्तू पुढे नाझी काळात कशा लुटल्या गेल्या हे मी सांगायला नको. तेव्हा युद्धाआधीची प्रत असेल तर मालकीची साखळी मागायचीच.

---

मोगरा

पण लिलावगृहं तपासून घेतात ना? 'आर्ट लॉस रजिस्टरशी (चोरीला गेलेल्या कलावस्तूंच्या नोंदीशी) पडताळलेले' असं लिहिलेलं असतं.

---

जुनापुराणा

लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'नोंदीत जुळणारं काही सापडलं नाही' इतकाच. मागडेबुर्गच्या केंद्राचीही हरवलेल्या कलावस्तूंची नोंद आहे, ती कुणालाही फुकट पाहता येते. तैलचित्र असेल तर तपासणीला अर्थ आहे, कारण ते एकच असतं. इथे क्रमांक नसलेली वीस-पंचवीस सारखी शिंगरं. त्यातलं नेमकं कोणतं कुणाच्या टेबलावरून उचललं गेलं हे नोंदवही कशी सांगणार? नोंद असली तरी 'ब्राँझचा छोटा घोडा, सिंटेनिस' एवढीच असायची.

---

तळटीप

माझं वैयक्तिक मत, सगळा घोळ एका नियमाने सुटतो. शिल्पकार हयात असताना, त्याच्या देखरेखीखाली ओतलेली प्रत खरी. बाकी सगळी स्मृतिचिन्हं. सिंटेनिस वारली १९६५ ला. त्यानंतरचं काहीही असेल तर सहाशे युरोसुद्धा देऊ नका.

आणि मला हे ब्राँझच्या बाबतीत कायम खटकतं. बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकात शिल्पकार कॅटे कोलवित्झची मृत मुलाला मांडीवर घेतलेली आई आहे ना, मूळ शिल्प जेमतेम ३८ सेंटिमीटरचं. १९९३ ला दुसऱ्या एका शिल्पकाराकडून ते माणसाएवढं मोठं करून घेतलं. कोलवित्झ १९४५ लाच गेलेली. तिने स्वतःच्या हाताने केलं ते दुःख मांडीवर मावणारं होतं, सरकारने त्याचं स्मारक केलं.

---

जुनापुराणा

तळटीप, कोलवित्झबद्दल तुमच्याशी सहमत. आकार बदलला की शिल्प बदलतं. पण नियम म्हणून तुमचं वाक्य टिकत नाही. बार्लाखचं उदाहरण घ्या.

जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखने १९२७ ला ग्युस्ट्रो गावच्या कॅथेड्रलसाठी पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक केलं. हवेत आडवी तरंगणारी मानवाकृती, डोळे मिटलेले, हात छातीवर. जमिनीवर काहीच नाही, छतापासून लटकवलेली. चेहऱ्यात कोलवित्झ आली. ती ठरवून नव्हे, आपोआप उतरली असं बार्लाख म्हणायचा. ना तलवार, ना झेंडा, ना शौर्य. नाझींना हे कसं पटावं? १९३७ ला काढून नेलं, पुढे वितळवून टाकलं. बार्लाख १९३८ ला गेला.

त्याच्या मित्रांनी मूळ साचा वाचवून गुपचूप दुसरी प्रत ओतून घेतली आणि उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यात लपवून ठेवली. ती युद्धातून वाचली. १९५२ पासून कलोनच्या आंटोनिटर चर्चमध्ये टांगलेली आहे. आणि ग्युस्ट्रोला आज जी दिसते ती १९५३ ची, कलोनच्या प्रतीवरून साचा घेऊन ओतलेली.

तुमच्या नियमाने दोन्ही स्मृतिचिन्हं. बार्लाखने यातल्या एकाही प्रतीला हात लावलेला नाही.

---

ओतारी

म्हणजे ग्युस्ट्रोची प्रत ब्राँझवरून घेतलेली! मी वर ज्याला लबाडी म्हटलं तेच तंत्र. दोन मीटरच्या आकृतीत तीन-चार सेंटिमीटर गेले असतील. पण इथं कुणी कुणाला फसवत नव्हतं. कुणी, कशावरून, कशासाठी ओतलं हे उघड सांगितलंय. लपवलं तरच लबाडी, नाहीतर दुरुस्ती.

बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथही तसाच. युद्धात मोडला, युद्ध चालू असतानाच घेऊन ठेवलेल्या प्लास्टरवरून १९५० च्या दशकात नव्यानं घडवला, आणि तोही नोआकनंच.

---

तळटीप

सार्वजनिक स्मारक आणि बाजारात विकायची वस्तू यात फरक आहे. स्मारकाची जागा पवित्र, ती भरून काढावी लागते. शिल्पकार मेल्यानंतर दिवाणखान्यातलं शिंगरू पुन्हा ओतायला कुठली जागा रिकामी झाली होती? ग्युस्ट्रोपुरतं मान्य. शिंगरापुरता माझा नियम कायम.

---

हिशोबनीस

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी पैशाचं बोलतो. यादीतला आकडा हा तुमच्या खिशातून जाणारा आकडा नाही. ज्या शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो त्यावर लिलावगृहाचं कमिशन, जर्मनीत साधारण २५ ते ३२ टक्के. समजा ७,००० ला मिळालं, कमिशन २५ टक्के धरलं : १,७५०. झाले ८,७५०. त्यावर ७ टक्के कर म्हणजे ६१२ युरो ५० सेंट. एकूण ९,३६२.५०. कर पूर्वी १९ टक्के होता, १ जानेवारी २०२५ पासून कलावस्तूंसाठी ७ वर आलाय, तेवढं तुमचं नशीब. काही लॉटना वेगळ्या पद्धतीने कर लागतो, यादीत लॉटच्या पुढे खूण असते ती बघा.

शिवाय पुनर्विक्रीचा हक्क. शिल्पकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे सिंटेनिसच्या बाबतीत २०३५ अखेरपर्यंत, ४०० युरोंपासून पुढच्या प्रत्येक विक्रीत वारसांना हिस्सा जातो, ५०,००० युरोपर्यंत ४ टक्के. कायद्याने विकणाऱ्याने द्यायचा, पण काही लिलावगृहं त्यातला वाटा घेणाऱ्यावर ढकलतात. बारीक अक्षरातल्या अटी वाचा.

'अटीवर हातोडा' असाही प्रकार असतो. किमान किमतीपेक्षा कमी बोली आली की मालकाला विचारून कळवतो म्हणतात. तोवर तुम्ही बांधलेले, मालक मोकळा. माझं एकदा असंच आठवडाभर लटकलं होतं. आणि लॉट विकलाच गेला नाही तर लिलावानंतर फोन करा. नंतरच्या विक्रीत बरेचदा खालच्या किमतीला मिळतं.

---

खडूस_काका

साडेनऊ लाख झाले. आता सारंगखेड्याला आख्खी घोडी मिळेल, खोगीर फुकट.

---

पारिजात_पुणे

भारतात आणायचा विचार असेल तर जपून. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं शिल्प पुरावस्तूत मोडतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. युद्धाआधीची प्रत असेल तर लवकरच तिथे पोचेल. परत जर्मनीला न्यायची वेळ आली तर कागद दाखवत बसाल. कस्टम्सचं आधी विचारून घ्या.

अवांतर: अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय आहे, तिथली जनावरं बघितली आहेत का कुणी? सिंटेनिस वाचताना तीच आठवली.

---

ऱ्हाइनकाठ

अपडेट. लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात तिथे जाऊन आलो. तिथल्या बाईंनी कपाट उघडून शिंगरू सरळ हातात दिलं. मला वाटलं होतं काचेआडून बघायचं.

जड आहे, दिसतं त्यापेक्षा बरंच. पाठ आणि कपाळ गुळगुळीत, रंग तिथे उडून सोनेरी झालाय, इतक्या हातांनी कुरवाळलंय. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि कानांच्या मुळाशी मात्र काळपट हिरवं. बरगड्यांवर मेण चिमटीत दाबून बसवल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात, बोटाची रुंदीसुद्धा कळते. मागच्या डाव्या पायाला गुडघ्यापाशी बारीक रेष आहे. ओतारी, ही जोडाची रेष असावी का? शिक्का तळाच्या कडेवर, 'फ्रीडेनाउ' नाही. उंची मोजली, सूचीतल्या उंचीशी जुळते.

मालकीबद्दल विचारलं. उत्तर मिळालं : दक्षिण जर्मनीतला खासगी संग्रह, १९७० च्या दशकात वारशाने. त्याआधीचं माहीत नाही. प्रत त्यांच्या मते १९४५ नंतरची, शिल्पकार हयात असतानाची.

आणि हो, त्याच दिवशी मुद्दाम आंटोनिटर चर्चमध्ये गेलो. शिल्डरगासेवर, म्हणजे कलोनच्या ऐन खरेदीच्या रस्त्यावर, कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीत. किती वर्षं त्या दारावरून पिशव्या घेऊन गेलोय. तळटीप, तुम्ही एकदा त्या तरंगत्या आकृतीखाली उभे राहा आणि मग स्मृतिचिन्ह म्हणा.

---

जुनापुराणा

मग तुमचं काम सोपं झालं की. प्रत १९४५ नंतरची असेल तर लुटीचा प्रश्न उरतच नाही. नाझी काळात जी वस्तू जन्मलीच नव्हती ती कुणाकडून हिसकावली जाणार? बाजारात युद्धाआधीच्या प्रतीला जास्त भाव असतो, दुर्मिळ असेल तर वीस-तीस हजारांच्याही पुढे, आणि नेमका तिचाच इतिहास धूसर असतो. नंतरची प्रत स्वस्त, आणि तिच्या मागे कुणाचं रिकामं घर नाही. मला विचाराल तर मी डोळे झाकून नंतरची घेईन.

फक्त 'त्यांच्या मते' हे लेखी घ्या.

---

ओतारी

गुडघ्याची रेष जोडाची असू शकते, किंवा पडून तडकलेला पाय नंतर जोडलेला. नख फिरवून बघा. नख अडकलं तर तडा. रेषेच्या आजूबाजूचा रंग बाकीच्या पायापेक्षा वेगळा, जरा सपाट दिसला तर नंतर रंगवलंय. लेखी अहवालात पायाबद्दल काय म्हणतात ते मागून घ्या, फोटोसकट.

---

तळटीप

हयातीतली प्रत असेल तर माझ्या नियमात बसते. हरकत मागे. कलोनला येणं झालं तर चर्चला जाईन, पण मत बदलेन असं वचन देत नाही.

---

ऱ्हाइनकाठ

अहवाल आला. 'मागील डाव्या पायास जुनी व्यावसायिक दुरुस्ती'. छापील यादीत याचा उल्लेखच नव्हता. ओतारी, तुमचे उपकार. सगळं धरून सात हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून लेखी बोली दिली, म्हणजे हातोड्याला पाच हजार दोनशे.

---

ऱ्हाइनकाठ

लिलाव झाला. ऑनलाइन बघत होतो. पाच हजारांपर्यंत मी आणि सभागृहातला एक जण, मग फोनवरचं कुणीतरी मध्ये पडलं आणि मिनिटभरात ८,५०० ला हातोडा. दुरुस्त पायासकट.

वाईट वाटलं, पण फार नाही. पुढच्या यादीत तिचंच एक छोटं गाढव आहे, अंदाज ४,००० पासून.

---

खडूस_काका

घोड्यावरून गाढवावर आलात. बजेट हळूहळू जमिनीवर येतंय, अभिनंदन.

---

ओतारी

गाढव असेल तर कान आधी बघा. सगळ्यात पातळ भाग तोच, धातू तिथं पोचेपर्यंत गार होतो आणि टोक अपुरं राहतं. मग कारागीर मागून टोक बसवतो. कानाचे जवळून फोटो दोन्ही बाजूंनी मागवा आणि इथं टाका.